एका तासाला दोन शिक्षक हवेत

विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य, चारही विद्याशाखांचे अधिष्ठाता आणि अभ्यास मंडळांचे अध्यक्ष यांना खुले पत्र

सविनय नमस्कार.

येत्या शैक्षणिक वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत ‘आंतरविद्याशाखीय कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा पदवी अभ्यासक्रम सुरू करायला आपण मान्यता दिली आहे. त्याचा आराखडा कॉलेजच्या ईमेलवर आला, प्राचार्यांनी तो सगळ्या विभागांना पुढे पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली, ‘दोन दिवसांत अभिप्राय कळवावा.’ आम्ही कळवला. पोच आली नाही, आणि आराखडा एका स्वल्पविरामाचाही फरक न होता मंजूर झाला. अंतर्गत पत्रव्यवहाराचा मार्ग असा संपल्यामुळे हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

मी कांदा पिकवणाऱ्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. विभागातलं भरलेलं पद एकच, माझं. बाकीच्या तासिका सीएचबीवर, म्हणजे तासिकेमागे मिळणाऱ्या मानधनावर येणारे सहकारी घेतात. त्यांतले एक जण सकाळी आमच्याकडे आणि दुपारी शेजारच्या तालुक्यात असतात. नव्या अभ्यासक्रमात माझ्या विषयाचा मोठा वाटा असायला हवा होता, तो नाही, ही माझी तक्रार आहेच. पण ती एवढीच असती तर मी गप्प बसले असते. आपापल्या विषयासाठी भांडणाऱ्या प्राध्यापकांचा अनुभव आपल्याला भरपूर आहे, त्यात आणखी एकीची भर नको.

अभ्यासक्रम नकोच, असंही माझं म्हणणं नाही. एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) २०२५ हे वर्ष कृत्रिम बुद्धिमत्तेचं म्हणून जाहीर केलं. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीत एआय वापरण्याचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्यासाठी ५०० कोटींची तरतूद केली. ते पैसे ज्या कामांवर खर्च व्हायचे आहेत ती करायला पीक कळणारी, बाजार कळणारी आणि त्याचबरोबर आकडेवारी हाताळणारी मुलं लागतील. तशी मुलं आमच्या वर्गात बसलेली आहेत. आपला आराखडा त्यांना घडवू शकत नाही, एवढंच मला दाखवायचं आहे.

आराखड्यात सहा सत्रं आहेत. पायथॉन, डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस, मशीन लर्निंग (आकडेवारीवरून यंत्राला शिकवणं), डीप लर्निंग, क्लाउड. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातून गणित वजा केलं की जे उरतं ते हे. मग ‘आंतरविद्याशाखीय’ कुठे आहे? सहाव्या सत्रात, ‘एआय आणि समाज’ नावाच्या दोन क्रेडिटच्या पेपरात. तीस तासिका, पाच घटक, म्हणजे गोपनीयतेला सहा तासिका, पक्षपाताला सहा, रोजगाराला सहा, पर्यावरणाला सहा आणि भारतीय ज्ञानपरंपरेला सहा. गोपनीयतेच्या घटकात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आहे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नाही. हा पेपर कोण शिकवणार? आराखडा म्हणतो, ‘संगणकशास्त्र विभाग’. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, भूगोल यांपैकी एकाही विभागाचं नाव संपूर्ण दस्तऐवजात नाही.

हे नवल नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने ज्या चार विद्याशाखा आखून दिल्या, त्यांतल्या चौथीचं नावच ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ आहे. प्रत्यक्षात तिथे बीएड, ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण, पत्रकारिता असे इतरत्र न मावणारे विषय बसवले गेले. त्या विषयांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण दोन शाखा एकत्र येऊन काही करतात ती जागा म्हणजे ही नव्हे. आपल्याकडे आंतरविद्याशाखीय हे फलकावरचं नाव आहे, कामाची पद्धत नाही. नव्या अभ्यासक्रमात त्याचीच पुढची आवृत्ती निघाली.

पद्धत म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते, कारण माझ्या सगळ्या तक्रारी तिथूनच निघतात.

अर्थशास्त्राचे एक सहकारी आणि मी, आम्ही वेळापत्रकाबाहेर, कॉलेज सुटल्यावर, काही मुलांना एकत्र बसवलं होतं. निम्मी बीएस्सी कॉम्प्युटरची, निम्मी बीएची. काम होतं लासलगाव बाजार समितीच्या कांद्याच्या भावांचा अंदाज बांधायचं. रोजची आवक क्विंटलमध्ये, भाव तीन रकान्यांत: किमान, कमाल, सर्वसाधारण. कॉम्प्युटरच्या मुलांनी भराभर मॉडेल, म्हणजे जुन्या आकड्यांवरून भावाचा अंदाज सांगणारा प्रोग्राम, बांधलं. काही तारखांना भावच नव्हते. त्यांनी प्रत्येक व्हिडिओत शिकवतात तेच केलं, आधीच्या आणि नंतरच्या भावांवरून मधल्या जागा भरून टाकल्या. आलेख सुरेख आला.

बीएची एक मुलगी आलेखाकडे बघत राहिली. तिच्या घरी कांद्याची चाळ आहे. ती म्हणाली, ‘‘सर, सप्टेंबरच्या शेवटी हे भाव कुठून आले? तेव्हा लिलावच बंद होते ना?’’

बरोबर होतं तिचं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, त्यावर नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले आणि २० सप्टेंबरपासून पुन्हा बंद पुकारला, तो ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालला. ज्या दिवसांत बाजारात कांद्याला भावच नव्हता, त्या दिवसांचा भाव आमच्या मॉडेलकडे दोन दशांश स्थळांपर्यंत होता. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. मॉडेलने त्या घसरणीचं श्रेय बिनदिक्कत हंगामाला देऊन टाकलं, कारण त्याला फक्त तारीख आणि आवक दिसत होती. शिवाय लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकाच रकान्यात. एक काढला की विकावाच लागतो, दुसरा चाळीत महिनोन्‌महिने थांबू शकतो. शेतकऱ्याचा सगळा हिशेब त्या फरकावर चालतो. मॉडेलच्या लेखी तो एकच कांदा.

त्या संध्याकाळी सहकाऱ्यांनी धोरणामुळे आलेला धक्का आणि हंगामी चढउतार यांतला फरक सांगितला. मी लगेच त्याला जोडून सांगितलं, की आकडा का गहाळ आहे हे कळल्याशिवाय तो भरायचा नसतो. बाजार बंद असल्यामुळे नसलेला आकडा आणि कारकुनाने चढवायचा विसरलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग कॉम्प्युटरच्या मुलांनी बंदच्या दिवसांना वेगळी खूण दिली, जातीनुसार रकाने फोडले आणि मॉडेल पुन्हा चालवलं. ते आधीपेक्षा कमी आत्मविश्वासाने बोलू लागलं. अंदाजाची पट्टी, म्हणजे भाव कुठून कुठपर्यंत असू शकेल ती मर्यादा, रुंद झाली. एका मुलाला ते अपयश वाटलं. ते अपयश नाही हे समजावण्यात बराच वेळ गेला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता हा तास मस्टरवर कुठे दाखवायचा? कुठेच नाही. आणि माझी पहिली, सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. आपल्या व्यवस्थेत एका तासिकेपुढे एकच सही होते. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचा कार्यभार पूर्ण करावा लागतो. दोन शिक्षक एका वर्गात उभे राहिले तर तो तास दोघांच्या खात्यावर पूर्ण धरायचा की अर्धा-अर्धा, याचं उत्तर विद्यापीठाकडे नाही आणि सहसंचालक कार्यालयाकडेही नाही. अर्धा धरला तर कार्यभार कमी पडतो. कार्यभार कमी पडला की पद अतिरिक्त ठरण्याची भीती. असं असताना कोण शहाणा माणूस दुसऱ्या विभागाच्या वर्गात जाऊन उभा राहील? आंतरविद्याशाखीय शिक्षण आपल्याकडे विचारांच्या अभावाने मरत नाही, ते वेळापत्रकात मरतं. धोरणाच्या दस्तऐवजांत या गोष्टीचा उल्लेख मला कुठे सापडला नाही, पण कोणत्याही स्टाफरूममध्ये विचारा, पहिल्या मिनिटाला हेच ऐकायला मिळेल.

दुसरी तक्रार पायाची. आराखड्यात मशीन लर्निंग तिसऱ्या सत्रात आहे आणि संभाव्यता चौथ्या सत्रात. हा क्रम ज्यांनी लावला त्यांनी एकदा तिसऱ्या सत्राच्या प्रॅक्टिकलला येऊन बसावं. मुलगा तीन ओळींत आजार ओळखणारं मॉडेल चालवतो, ‘९४ टक्के अ‍ॅक्युरसी’ असं जर्नलमध्ये लिहितो, एक्सटर्नल परीक्षक सही करतात. शंभरातल्या ९४ जणांना तो आजार नाहीच, त्यामुळे सगळ्यांना ‘नाही’ म्हटलं तरी ९४ टक्केच येतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. कोड आता यंत्रही लिहून देतं. माणसाने करायचं उरलं आहे ते म्हणजे हा आकडा खरा का मानायचा, हे विचारणं. नेमकं तेच आपण चौथ्या सत्रात, चार घटकांपैकी एका घटकात ढकललं.

तिसरी तक्रार कला आणि वाणिज्यच्या मुलांबद्दल आहे. पदवीला प्रवेशासाठी बारावीला गणित सक्तीचं, म्हणजे बीएच्या बहुतेक मुलांना दार बंद. त्यांच्यासाठी दोन क्रेडिटचा ‘एआय टूल्स’ हा स्किल पेपर ठेवला आहे: चॅटबॉटला प्रश्न कसा विचारायचा, प्रेझेंटेशन कसं बनवायचं, चित्र कसं काढायचं. ही टूल्स मुलं आपली आपण शिकतात, आमच्यापेक्षा लवकर शिकतात, आणि अभ्यासक्रम छापून येईपर्यंत त्यांचे पडदे बदललेले असतात. कांद्याच्या आलेखावर बोट ठेवणारी ती मुलगी आपल्या नियमांनुसार पदवीला अपात्र आहे आणि प्रेझेंटेशन बनवायला पात्र आहे. या विषयाचा इतिहास जरा बघा. १९५८ मध्ये परसेप्ट्रॉन, म्हणजे मेंदूच्या पेशींवर बेतलेलं शिकणारं यंत्र, मांडणारे फ्रँक रोझेनब्लॅट मानसशास्त्रज्ञ होते. हर्बर्ट सायमन राज्यशास्त्रातून आले, त्यांना १९७५ मध्ये संगणकशास्त्राचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल. जेफ्री हिंटन यांची पहिली पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची. ज्यांनी हे क्षेत्र उभं केलं त्यांचा मूळ विषयच इथे दाराबाहेर.

चौथी पैशाची. नवा अभ्यासक्रम कायम विनाअनुदानित तत्त्वावर. म्हणजे फी मुलांच्या खिशातून आणि शिक्षक तासिकेवर. ज्या सहकाऱ्याला पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याच्याकडून दोन विभागांना जोडणारं काम अपेक्षित ठेवणं हा अन्याय आहे. त्याच वेळी अनुदानित संख्याशास्त्राची, तत्त्वज्ञानाची विद्यार्थिसंख्या नव्या नावाकडे वळेल आणि आमचे विभाग आणखी आकसतील. जे विभाग एकत्र यायला हवेत त्यांनाच सुकवून त्यांच्या नावाचा अभ्यासक्रम चालवायचा, असा हा प्रकार. (२०२४ मध्ये बीबीए-बीसीए एआयसीटीईच्या कक्षेत गेल्यावर सीईटी टाळण्यासाठी अभ्यासक्रमांची नावं कशी बदलली गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नाव बदलण्यात आपण वाकबगार झालो आहोत.)

भाषेचा मुद्दा थोडक्यात. आराखड्यातलं सगळं साहित्य इंग्रजीत आहे. आमची बहुसंख्य मुलं मराठी माध्यमातली. मराठीसाठी या क्षेत्रात काम झालेलं नाही असं नाही: आयआयटी मुंबईने मराठी वर्डनेट (शब्दांचे अर्थ आणि त्यांची आपसातली नाती नोंदवणारा कोश) बांधलं, पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठी मजकुरावर शिकवलेली मॉडेलं खुली केली, केंद्राचा भारतीय भाषांमधल्या भाषांतराचा भाषिणी प्रकल्प चालू आहे. मराठी आणि संगणक विभागाच्या मुलांना एकत्र बसवायला याहून चांगला विषय कोणता? पण मराठीच्या अभ्यास मंडळाला कोणी विचारलंच नाही.

जगात इतरत्र हे जमलं का, असं आपण विचाराल. कुठे जमलं, कुठे फसलं. स्टॅनफर्डने २०१४ मध्ये संगणकशास्त्र आणि मानव्यविद्यांचे जोड-मेजर (दोन मुख्य विषयांची एकत्र पदवी) सुरू केले आणि काही वर्षांत गुंडाळले. दोन्ही विभागांच्या अटींचा भार मुलांच्या डोक्यावर आला आणि फारशी मुलं फिरकलीच नाहीत. इलिनॉय विद्यापीठात मात्र संगणकशास्त्राला भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र, इतकंच काय पीकशास्त्र जोडलेल्या पदव्या टिकल्या, वाढल्या. तिथे दोन्ही विषयांचा गाभा निवडून एकच पदवी बांधली होती. हार्वर्डमध्ये २०१७ पासून तत्त्वज्ञानाचे लोक थेट संगणकाच्या वर्गात जाऊन नीतिशास्त्राचा भाग शिकवतात, वेगळा पेपर तोंडी लावायला ठेवत नाहीत. आपल्याला त्यांच्या पैशाची बरोबरी करायची नाही. दुसऱ्या विभागाच्या माणसाला वर्गात पाठवायला अमेरिकन निधी लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

आणि चौकट आड येते असंही म्हणता येणार नाही. राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात मायनरला, म्हणजे मुख्य विषयासोबतच्या दुय्यम विषयाला, १८ ते २० क्रेडिट आहेत. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा, असं बंधन आहे. फील्ड प्रोजेक्टला आणि ओजेटीला (प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला) जागा आहे. दार उघडंच आहे. आपण मात्र शेजारी नवी भिंत बांधून तिला दुसरं दार पाडत बसलो आहोत.

आमच्या मागण्या अशा आहेत.

या अभ्यासक्रमासाठी चारही विद्याशाखांचे प्रतिनिधी असलेलं संयुक्त अभ्यास मंडळ नेमा. त्यात संलग्न, ग्रामीण महाविद्यालयांतले शिक्षक असू द्या. सध्याच्या समितीत असा एकही नाही.

पूर्ण पदवीच्या आधी १८-२० क्रेडिटचं मायनर सुरू करा, ते कोणत्याही मेजरच्या विद्यार्थ्याला खुलं ठेवा आणि अनुदानित विभागांमधूनच चालवा. बारावीच्या गणिताची अट काढून पहिल्या सत्रात गणित-संख्याशास्त्राचा ब्रिज कोर्स ठेवा. ब्रिज कोर्समध्ये आम्ही परीक्षा कडक घेऊ, सवलत मागत नाही.

आकडेवारी आणि संभाव्यता आधी, मशीन लर्निंग नंतर. यावर वाद घालायची माझी कुठेही, कधीही तयारी आहे.

प्रत्येक वर्षी किमान एक पेपर दोन विभागांच्या शिक्षकांनी एकाच वर्गात, एकाच वेळी शिकवायचा, आणि तो तास दोघांच्याही कार्यभारात पूर्ण धरायचा. विद्यापीठाने तसं परिपत्रक काढावं आणि उच्च शिक्षण संचालनालयाकडे पाठपुरावा करावा. बाकीच्या सगळ्या मागण्या मान्य करून ही एक वगळलीत, तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

प्रकल्पाचा विषय परिसरातला असावा: बाजार समिती, ग्रामीण रुग्णालय, पाणीवापर संस्था, एसटी आगार. मूल्यमापन तोंडी परीक्षेने, दोन्ही विषयांच्या परीक्षकांसमोर. छापील प्रकल्प अहवालाला आता काडीची किंमत उरलेली नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

संदर्भसाहित्य मराठीत तयार करण्यासाठी निधी द्या आणि उत्तरं मराठीत लिहायची मुभा द्या.

मंजूर अभ्यासक्रम ३१ मार्चपूर्वी संकेतस्थळावर ठेवा. प्रवेश झाल्यावर अभ्यासक्रम आणि परीक्षेच्या तोंडावर सुधारित अभ्यासक्रम, हा शिरस्ता बंद व्हावा.

हे होईपर्यंत मंजूर आराखड्याची अंमलबजावणी एक वर्ष पुढे ढकलावी. ज्या संस्थांनी फलक लावून जाहिराती केल्या आहेत त्यांची अडचण होईल, याची कल्पना आहे. एका बॅचच्या तीन वर्षांपेक्षा ती अडचण लहान आहे.

संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांना एक सांगायचं आहे. हे पत्र तुमच्याविरुद्ध नाही. सगळ्या विद्यापीठाने एआयचं ओझं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर टाकलं आहे, आणि तुमच्यातलेही निम्मे तासिकेवर आहेत. संयुक्त वर्गाची मागणी तुम्हीही लावून धरावी.

कांद्याच्या भावांची ती स्वच्छ केलेली आकडेवारी, त्यावरचे तास कसे घेतले याचं टिपण आणि १८ क्रेडिटच्या मायनरचा आमचा मसुदा, तिन्ही गोष्टी आम्ही अधिष्ठाता कार्यालयाकडे पाठवल्या आहेत. विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि घेतला नाही तर का घेतला नाही, ते लेखी कळवावं. बोलावलंत तर अर्थशास्त्राचे सहकारी आणि मी दोघंही येऊ.

आपली नम्र,
संलग्न महाविद्यालयातील संख्याशास्त्राची एक शिक्षिका